नागपुरात बसून जुनी कॉमिक्स जमवायची, ग्रेड करायची आणि विकायची असतील तर: सुरुवातीपासून सगळं

घरी जुन्या कॉमिक्सचा एक गठ्ठा निघाला आणि डोक्यात "हे जमवूया का, विकूया का" सुरू झालं, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी नोकरी सांभाळून बऱ्याच वर्षांपासून हे करते, आधी नुसता छंद होता, आता बाजूचा धंदा पण आहे. मराठीत याच्यावर धड एका जागी काही मिळत नाही आणि इंग्रजीत जे मिळतं ते सगळं अमेरिकन कॉमिक्सबद्दल असतं, त्यांना आपल्या कूलरची हवा माहीत नाही, आपल्या वाचनालयाचे शिक्के माहीत नाहीत. म्हणून नागपूरच्या हिशोबानं सांगते.

आणि एक आधीच. पेपरात बातमी येते की १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला, मग लोक घरातला चाचा चौधरी काढून विचारतात किती लाख येतील. नाही येत. तो अंक सुपरमॅनचा पहिलावहिला होता, शिल्लक प्रती फार कमी, आणि त्या कॉपीला ८.५ ग्रेड (म्हणजे अवस्थेचा आकडा, दहापैकी) होती. आपल्याकडची बहुतेक कॉमिक्स शेकड्यात जातात, काही हजारात. हे डोक्यात ठेवून पुढं वाचा म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही.

१. आधी ठरवा काय जमवायचं

सगळंच जमवायला गेलात तर सहा महिन्यांत घरचे तुम्हाला बाहेर काढतील. एक लाइन पकडा. ढोबळमानाने आपल्याकडे हे प्रकार फिरतात:

इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये काढली, १९९० ला बंद झाली. वेताळ (म्हणजे फँटम), मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. मराठीतही निघायची आणि मराठी अंकांना आजही चांगली मागणी आहे, कारण ज्यांनी लहानपणी वाचली ते आता साठीच्या आसपास आहेत, हातात पैसा आहे, आणि त्यांना इंग्रजी नको, तेच मराठी पाहिजे.

अमर चित्र कथा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली. अंक भरपूर, पण पुनर्मुद्रण त्याहून भरपूर, त्याबद्दल खाली सांगते.

हिंदी दुनिया. डायमंड, मनोज, तुलसी, राज कॉमिक्स. नागराज, ध्रुव, डोगा वगैरे. नागपुरात हा माल मराठीपेक्षा जास्त सापडतो, कारण हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि आजही अर्ध्या गल्ल्यांत हिंदी बोलतात. पुण्याचे कलेक्टर जे शोधत बसतात ते आपल्या इतवारी, महाल अशा जुन्या वस्त्यांतल्या घरांत पडलेलं असतं.

मग चांदोबा, किशोर, चंपक, टिंकल हे मासिकांचे गट. ही खरं तर कॉमिक्स नाहीत सगळी, पण गिऱ्हाईक तेच असतं.

माझं मत विचाराल तर नवीन माणसानं एक मालिका आणि एक भाषा एवढंच धरावं. इंद्रजाल मराठी, किंवा राज कॉमिक्सची सुरुवातीची वर्षं. एका गोष्टीत डोळा तयार झाला की बाकीचं आपोआप येतं.

२. सामान काय लागतं

फार नाही.

- पारदर्शक पन्न्या, कॉमिकच्या मापाच्या. पॉलिप्रॉपिलीनच्या स्वस्त असतात आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात, मायलरच्या महाग पण टिकतात. शाळेच्या वह्यांना घालतात ते जाड पीव्हीसी कव्हर अजिबात नको, ते उन्हाळ्यात शाईला चिकटतं आणि काढताना कव्हरचा रंग घेऊन येतं.
- आम्लरहित बॅकिंग बोर्ड. साधा राखाडी पुठ्ठा घालू नका, त्यातलं आम्ल पाठचं पान पिवळं करतं.
- मोजपट्टी, भिंग, चांगला पांढरा एलईडी दिवा.
- आर्द्रता मापणारं छोटं घड्याळ, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. ही चैन नाही, घ्याच.
- सिलिका जेल.
- ६बी किंवा तत्सम मऊ पेन्सिल, नोंदी बोर्डाच्या मागं करायला. पेन कॉमिकच्या जवळपास आणू नका.

एक मापाची गोष्ट. बाहेरून येणाऱ्या पन्न्या अमेरिकन कॉमिकच्या मापाच्या असतात आणि आपली कॉमिक्स एका मापाची नाहीत, एकाच मालिकेत पण वर्षांप्रमाणे माप बदलतं. तर आधी तुमच्याकडच्या पाच-सहा कॉमिक्सची लांबी-रुंदी मोजा आणि मग ऑर्डर करा. टाइट पन्नीत घालताना कोपरे दुमडतात आणि आपणच आपल्या मालाची ग्रेड खाली आणतो.

३. माल कुठून मिळतो

नवीन माणूस थेट ऑनलाइन ग्रुपवर जातो आणि तिथं सगळ्यात महाग घेतो. आधी पायी फिरा.

कबाडी. प्रत्येक वस्तीत एक-दोन असतात, त्यांच्याशी ओळख करा, नंबर द्या, आणि गेल्यावर काहीतरी घ्याच, रिकाम्या हातानं सारखं परत आलात तर पुढच्या वेळी फोन येत नाही. भाव किलोनं ठरतो. मी एकेक काढून बघायला लागले की आमच्याकडचा कबाडी म्हणतो, "दीदी, पूरा गठ्ठा ले लो ना, छाँटोगे तो रेट अलग लगेगा." आणि तो बरोबर आहे, गठ्ठाच घ्या, त्यातून चार कामाची निघाली तरी परवडतं, बाकीची परत त्यालाच रद्दीत घाला.

सगळ्यात चांगला हंगाम दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस. साफसफाई निघते, सज्ज्यावरच्या पेट्या खाली येतात. दुसरा हंगाम एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर, तेव्हा वह्या-पुस्तकांसोबत सगळंच निघतं.

बर्डीवरचे जुन्या पुस्तकांचे ठेले, तिथं कॉमिक्स कमी असतात पण ठेलेवाल्याला सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतो. भाव मात्र त्याला कळलेला असतो.

बंद पडलेली भाड्याची वाचनालयं. सत्तर-ऐंशीच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत गल्लोगल्ली पोरं खाटेवर कॉमिक्स मांडून भाड्यानं द्यायची, किराणा दुकानात पण मिळायची. त्यातले काही साठे अजून घरांत आहेत. संख्या मोठी मिळते, अवस्था वाईट मिळते.

आणि ओळखीपाळखी. लग्नकार्यात नुसतं "मी जुनी कॉमिक्स घेते" एवढं सांगून ठेवा. कुणाचे तरी काका निघतातच. पण नातेवाइकांकडून फुकट घेऊन नंतर विकू नका हो, पैसे द्या, लिहून घ्या. उद्या ते ऑनलाइन दिसलं की वर्षभर ऐकावं लागतं.

४. घेण्याआधी तपासणी

इथं घाई करू नका. कॉमिक हातात घेतलं की कव्हर बघून खूश न होता या क्रमानं बघा.

आधी पानं मोजा. खरंच एकेक मोजा. मधलं पान, म्हणजे जे पिनांमध्ये अडकलेलं असतं, ते सगळ्यात आधी निघून जातं आणि गोष्ट वाचताना पण कधी कधी लक्षात येत नाही.

मग पिना. मूळ पिना आहेत का, की कुणी नव्या मारल्यात? जुन्या पिनांभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ असतं. त्या वर्तुळाच्या बाजूला रिकामी भोकं दिसली तर पिना बदलल्यात. वाचनालयाच्या कॉपीला जाड दोऱ्यानं बाजूनं टाके घातलेले असतात, ते सोडवलेत की तशीच आहे ते बघा.

मग कडा. वाचनालयवाले दहा-वीस अंक एकत्र बाइंडिंग करायचे आणि तेव्हा प्रेसमध्ये कडा कापायचे. नंतर कुणीतरी ते बाइंडिंग उसवून सुटे अंक विकतो. कॉपी दिसायला मस्त सरळ असते पण मोजपट्टी लावली की दोन-तीन मिलिमीटर छोटी निघते, वरच्या ओळीतला संवादाचा फुगा कडेला चिकटलेला असतो. ही ट्रिम केलेली कॉपी, हिचा भाव अर्ध्याहून खाली धरा.

मग कव्हर अस्सल आहे का. हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा फ्रॉड आहे. आतला अंक खरा, कव्हर कलर झेरॉक्स. भिंगातून बघा: जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ओळीत, गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या रचनेत दिसतात, झेरॉक्सचा रंग पावडरीसारखा वर बसलेला आणि घडीवर तडकलेला असतो. कव्हरच्या आतल्या बाजूचा कागद पण बघा, चाळीस वर्षांच्या अंकाला आतून पांढराशुभ्र कागद असेल तर काहीतरी गडबड आहे.

मग आवृत्ती. अमर चित्र कथा आणि राज कॉमिक्स यांची पुनर्मुद्रणं इतकी झालीत की पहिली छपाई ओळखणं हेच अर्धं काम. सगळ्यात सोपी खूण छापील किंमत. मुखपृष्ठावरची किंमत त्या काळाशी जुळत नसेल, किंवा किमतीवर स्टिकर असेल, तर थांबा. मागच्या पानावरच्या जाहिराती आणि इतर अंकांची यादी बघा, त्या यादीत नंतरच्या काळातले अंक असतील तर ही छपाई नंतरचीच.

आणि इंद्रजालवाल्यांसाठी खास: अंकांना सरळ नंबर ४४३ पर्यंतच आहेत, पुढं खंड आणि अंक अशी पद्धत सुरू झाली. शिवाय १२३ आणि १२४ हे दोन अंक संपामुळं निघालेच नव्हते. तर यादीत ते दोन रिकामे दिसले म्हणून रात्री झोप उडवू नका, आणि कुणी "माझ्याकडे १२३ आहे, पण आधी बयाणा पाठवा" म्हणाला तर हात जोडा.

राज कॉमिक्समध्ये स्टिकर, पोस्टर अशा फुकट वस्तू यायच्या. त्या सोबत असतील तर कॉपी पूर्ण, नसतील तर विकताना तसं लिहायचं.

५. ग्रेडिंग

आता मुख्य. ग्रेड म्हणजे कॉमिकच्या अवस्थेला दिलेला आकडा. जगभर चालते ती मोजणी ०.५ ते १० ची आहे. अमेरिकेत फ्लोरिडातली सीजीसी ही कंपनी २००० पासून कॉमिक तपासून, आकडा देऊन, कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून देते, त्या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. सीबीसीएस ही दुसरी. आपल्या बहुतेक मालाला स्लॅबची गरज नाही, पण त्यांची मोजणी शिकून घ्या कारण बाहेरचा गिऱ्हाईक तीच भाषा बोलतो.

मोटामोटी असं:

९.८ आणि ९.६: छापखान्यातून आत्ताच आल्यासारखं. जुन्या भारतीय कॉमिक्समध्ये मला तरी जवळपास दिसत नाही. कुणी सत्तरच्या दशकातला अंक ९.८ म्हणून विकत असेल तर आधी पुनर्मुद्रण आहे का ते बघा.
९.४ ते ९.०: नियर मिंट आणि त्याच्या काठावरचं. पाठीवर दोन-चार बारीक रेघा, बस.
८.० च्या आसपास: व्हेरी फाइन. वाचलंय पण जपून वाचलंय.
६.० च्या आसपास: फाइन. झीज दिसते, छोटी घडी, चमक थोडी गेलेली.
४.० च्या आसपास: व्हेरी गुड. नावावर जाऊ नका, ही मधली-खालची ग्रेड आहे. घड्या, पाठ वाकडी, छोटासा तुकडा गेलेला चालतो.
२.० च्या आसपास: गुड. म्हणजे भरपूर वापरलेलं पण पूर्ण.
१.० आणि खाली: फाटकं, तुकडे गेलेले. पानच नाही तर ०.५, कव्हर कितीही चकाचक असो.

आता करायचं कसं. कॉमिक टेबलावर स्वच्छ कोरड्या हातांनी ठेवा (हातमोजे घालून पातळ पानं उलटताना फाटतात, हात धुवून पुसणं बरं). दिवा बाजूनं, तिरपा पाडा. समोरून जी घडी दिसत नाही ती तिरप्या उजेडात लगेच उठून दिसते. घडीनं रंग तुटला आहे का बघा, बोटानं नाही, भिंगानं. रंग तुटलेली घडी आणि नुसती वाकलेली घडी यात मोठा फरक आहे, पहिली कायमची, दुसरी कधी कधी दाबून कमी होते.

एक उदाहरण घेऊन बसू. माझ्यासमोर आत्ता मराठी इंद्रजालचा एक वेताळ आहे. कव्हरचे रंग इतके ताजे की लांबून कुणीही सात देईल. आता जवळून: वरच्या पिनेभोवती पावसाळ्यातला गंज, तो कव्हरमधून आतल्या दोन पानांवर उतरलाय. उजव्या वरच्या कोपऱ्याचा नखाएवढा त्रिकोण नाही. पहिल्या पानावर जांभळ्या शाईत वाचनालयाचा गोल शिक्का आणि खाली निळ्या पेननं "चि." करून कुणाचं तरी नाव आणि इयत्ता पाचवी ब. मागच्या कव्हरवर बारीक तांबूस ठिपके. पानं मळकट पिवळी पण मोडत नाहीत, कोपरा हलका वाकवला तर परत सरळ होतो. सगळी पानं आहेत, टाके नाहीत, ट्रिम नाही. ही कॉपी साडेतीन. चार पण म्हणता येईल, पण मी साडेतीन लिहीन, कारण ज्याला साडेतीन सांगून चारची कॉपी मिळते तो परत येतो आणि ज्याला चार सांगून साडेतीनची मिळते तो चार जणांना सांगतो. या धंद्यात गिऱ्हाईक मोजकं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, तुमची सांगितलेली ग्रेड हेच तुमचं दुकान.

स्वतःच्या मालाला आपण नेहमी जास्त ग्रेड देतो. त्यावर उपाय म्हणजे ग्रेड करून बाजूला ठेवा, आठवड्यानं आधीचा आकडा न बघता परत करा, दोन्हीतला खालचा घ्या.

काय अजिबात करायचं नाही: सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती तपकिरी होते आणि तेलकट डाग सोडते. स्केचपेननं पांढऱ्या रेघा भरू नका, तो रंगकाम केलेला माल ठरतो आणि सीजीसी अशा कॉपीला जांभळं लेबल लावते, भाव पडतो. इस्त्री करू नका. प्रेसिंग (घड्या दाबून सरळ करणं) हा प्रकार खरा आहे पण त्याला ताप आणि दमट हवा मोजून द्यावी लागते, घरच्या इस्त्रीनं चमक उडते आणि पिना कव्हरवर छाप सोडतात. खोडरबर फक्त पेन्सिलीच्या खुणेवर, कव्हरवर कधीच नाही.

६. अमेरिकेत पाठवायचं का

क्वचित. हिशोब करा: ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, कस्टम्सची भानगड, हे सगळं मिळून एका कॉपीमागं काही हजार जातात आणि महिने लागतात. स्लॅब झाल्यावर किंमत त्याच्या तिप्पट वाढणार असेल तरच. अमेरिकन महत्त्वाचा अंक असेल, ग्रेड वरची असेल, तर विचार करा. मराठी इंद्रजाल स्लॅबमध्ये घालून नागपूरच्या गिऱ्हाइकाला विकायला गेलात तर तो आधी विचारेल, "मग वाचू कसं?"

पाठवलंच तर जाताना निर्यातीची कागदपत्रं, फोटो, घोषित किंमत सगळं सांभाळून ठेवा, नाहीतर परत येताना तुमचाच माल नवीन आयात समजून ड्युटी लागते.

दोन सापळे अजून. स्लॅब विकत घेताना लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, तिथलं नाव, ग्रेड आणि असेल तर फोटो जुळला पाहिजे. दुसरं, मुंबईच्या कॉमिक कॉनच्या मेळ्यात जाऊन चित्रकाराची सही घेतली म्हणजे सीजीसीचं सहीवाल्या कॉपीचं पिवळं लेबल मिळतं असं नाही, त्यासाठी सही कंपनीच्या माणसासमोर व्हावी लागते. तसं नसेल तर पिवळं लेबल विसरा.

७. साठवण, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्याशी आणि पावसाशी भांडण

बाहेरचे लेख "थंड कोरड्या जागी ठेवा" म्हणून मोकळे होतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा थंड जागा कुठून आणायची?

सगळ्यात वरच्या मजल्यावर, छताच्या स्लॅबखाली, सज्ज्यावर ठेवू नका, तिथं भट्टी असते. पश्चिमेची भिंत टाळा. घरातली मधली, सावलीतली खोली निवडा. आणि कूलर! ज्या खोलीत कूलर चालतो तिथं कॉमिक्स ठेवू नका. माणसाला गार वाटतं पण ती पाण्याची हवा आहे, खसातून निघून सरळ कागदात बसते, पाठ फुगते, पिना गंजतात. मीटर लावून बघा, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये असावी, कूलरच्या खोलीत ती कुठल्या कुठं जाते.

पावसाळ्यात लोखंडी आलमारी भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, खाली विटा किंवा लाकडी पाट द्या. ओल भिंतीतून येते. कॉमिक्स उभी ठेवा, बोर्ड घालून, खोक्यात ना कोंबलेली ना सैल. आडवे मोठे गठ्ठे लावले की खालच्याच्या पाठी दबतात. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की उन्हात वाळवा किंवा तव्यावर मंद तापवा आणि परत घाला.

कसर आणि वाळवी. डांबरगोळ्या चालतात पण कापडात बांधून खोक्याच्या बाहेर, कागदाला टेकवून नाही. कडुनिंबाचा पाला आजी घालायची खरा, पण ओलसर पाला डाग पाडतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सगळं उघडून बघणं, हे सगळ्यात मोठं औषध. कबाडीकडून आलेला नवीन गठ्ठा निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि मगच आत आणा.

उजेड पण शत्रू आहे. भिंतीवर फ्रेम करून लावायचं असेल तर स्कॅन प्रिंट लावा, मूळ अंक नको.

८. यादी

कंटाळवाणं आहे, पण पहिल्या दिवसापासून करा. एक्सेल किंवा गूगल शीट पुरे. रकाने: मालिका, नंबर, भाषा, छापील किंमत, माझी ग्रेड, दोष, कधी घेतलं, कितीला, कुणाकडून, कुठल्या खोक्यात, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: माझं की विकायचं.

हा शेवटचा रकाना नसेल तर छंद पण जातो आणि धंदा पण. भाव चांगला आला म्हणून स्वतःच्या सेटमधला अंक विकायचा, मग तोच दुप्पट भावानं परत शोधायचा, हे सगळे करतात. दोन वेगळी खोकी, दोन वेगळ्या आलमाऱ्या जमल्या तर अजून बरं, आणि पैसा पण वेगळा. विकायच्या मालाच्या पैशातून विकायचाच माल.

९. भाव लावणं आणि विकणं

लोक ऑनलाइन मागितलेली किंमत बघतात आणि तोच भाव समजतात. मागायला काय, कुणीही पन्नास हजार मागेल. विकलं गेलेलं कितीला गेलं ते बघा, ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे, कलेक्टरांच्या ग्रुपमध्ये जुन्या लिलावाच्या पोस्ट आहेत. तीन-चार व्यवहार काढा, मधला धरा, तुमची ग्रेड बघून वर-खाली करा.

फोटो दिवसा, सावलीत, पुढून, मागून, मधलं पान, दोन्ही पिना, आणि प्रत्येक दोषाचा जवळून. पन्नीतून काढून. दोष लपवून फोटो काढला तर परत येण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर.

पीडीएफ विकू नका. मूळ अंक विकणं तुमचा हक्क, स्कॅन करून विकणं हा कॉपीराइटचा भंग. ग्रुपमध्ये सगळे करतात म्हणून तो कायदेशीर होत नाही.

पैशाचे सापळे: "मी आर्मीत आहे, क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" हा फोन तुम्हाला येणारच. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. पैसे खात्यात दिसल्याशिवाय, मेसेज नव्हे, बँकेच्या ॲपमध्ये दिसल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही.

पॅकिंग. कॉमिक पन्नी-बोर्डात, मग कॉमिकपेक्षा दोन्हीकडून दोन बोटं मोठे असे दोन पन्हाळी पुठ्ठे, एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल कुठूनच वाकत नाही. टेप पुठ्ठ्याला लावा, पन्नीला नाही, कारण उघडताना कॉमिक टेपला चिकटून बाहेर येतं. त्यावर प्लास्टिक, जून ते सप्टेंबर दुहेरी. एकदा एका कुरिअरवाल्यानं माझं पार्सल गिऱ्हाइकाच्या गेटवरून आत भिरकावलं, पाऊस पडत होता, आणि दुहेरी प्लास्टिकमुळंच आतला अंक कोरडा निघाला. मी बहुतेक वेळा स्पीड पोस्ट वापरते, सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत सकाळी गेलं की गर्दी कमी असते.

१०. धंदा म्हणून करायचं तर कागद

वर्षाला चार अंक विकत असाल तर एवढं नको. नियमित विकायला लागलात की हे करा.

जवळ ठेवायची कागदं: आधार (मोबाइल जोडलेला), पॅन, लाइट बिल, भाड्याचं घर असेल तर करारनामा आणि मालकाचं संमतीपत्र, रद्द केलेला चेक, फोटो.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आधी. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन दहा-पंधरा मिनिटांत होते. सर्च केलं की वरती सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइट येतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर बंद करा.

मग गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणं (२०२५ ची दुरुस्ती धरून) वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती मिळते. एजंट "लायसन काढून देतो" म्हणून जास्त सांगतात, द्यायची गरज नाही. ही पावती आणि उद्यम दाखवून करंट अकाउंट उघडतं. छंदाचे आणि घरखर्चाचे पैसे एकाच खात्यात ठेवले की मार्चमध्ये डोकं धरून बसावं लागतं.

जीएसटी. छापील पुस्तकांवर शून्य आहे, आणि फक्त करमाफ मालच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. पण तुम्ही सोबत पन्न्या, बोर्ड, मूर्त्या, टी-शर्ट विकायला लागलात की तो करपात्र माल झाला, आणि करपात्र माल राज्याबाहेर गेला तर चाळीस लाखांची मर्यादा उपयोगी पडत नाही. नागपूरहून छिंदवाडा किंवा रायपूर म्हणजे राज्याबाहेरच. इथं सीएला एकदा पैसे देऊन विचारा, जुन्या वापरलेल्या मालासाठी फक्त नफ्यावर कर लावायची वेगळी पद्धत पण आहे, ती तुम्हाला लागू होते का ते तोच सांगेल.

आयकर. छोट्या धंद्याला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशावर सहा टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. म्हणून शक्यतो रोख घेऊच नका.

आणि खरेदीची पावती. कबाडी बिल देत नाही, काकांच्या घरून आणलेल्या गठ्ठ्याचं बिल नसतं. तेव्हा एक साधं पावती पुस्तक घ्या आणि स्वतःच व्हाउचर करा: तारीख, कुणाकडून, किती नग किंवा किती किलो, किती रुपये, त्याची सही. आमच्याकडचा कबाडी आधी सही करायला कां-कूं करायचा, "काऊन ताई, पोलिसात देता का?" आता स्वतःच पेन मागतो.